धूळखोलीचा पट्टा

आमच्या घरात घड्याळ होतं, पण त्याच्याकडे बघायची गरज कोणाला पडत नसे. डाळमिलचा पंखा चालू असला की बाबा कामावर आहेत, आणि पंखा थांबला की ते घरी यायला निघाले आहेत, एवढं आम्हाला पुरायचं. चिखलीच्या बाहेर, मेहकर रस्त्याला ही मिल होती आणि मिलच्या मागच्या भिंतीला टेकून टिनाच्या छपराची आमची एक खोली. दिवसभर तो पंखा घुमायचा. फळीवरच्या ताटल्या थरथरायच्या, पाण्याच्या गुंडीत बारीक लाटा उठायच्या, आणि आम्ही दोघी मायलेकी मजेत असायचो. पाहुणे विचारायचे, या कटकटीत तुम्हाला झोप कशी लागते? त्यांना काय सांगणार? आम्हाला भीती त्या आवाजाची नव्हतीच. संध्याकाळी तो आवाज उतरत उतरत बंद पडायचा, तेव्हा माय उठायची आणि उलथनं, चिमटा, सांडशी सगळं पिठाच्या डब्यात लपवायची. हाताशी काही नसलं की मार फक्त हाताचा मिळतो आणि हाताचा मार दोन दिवसांत उतरतो, हे तिचं शहाणपण. तेवढ्यात दाराशी बाबांच्या चपलांचा आवाज यायचा.

बाबा त्या मिलचे मिस्त्री. यंत्राला नुसता कान लावून दुखणं सांगणारा माणूस. बाहेर त्यांना मोठा मान होता. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की पंचशील सगळ्यात खणखणीत आवाजात तेच म्हणायचे. पहिलं शील जीव न मारण्याचं, पाचवं दारू न पिण्याचं. माय माझ्या शेजारी हात जोडून बसलेली असायची आणि पाचव्या शीलाला तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हलायचं. हसू होतं की शिवी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मिलची धूळखोली बाबांनी स्वतः उभी राहून बांधून घेतली होती. दोन एसट्या एकामागे एक लावाव्यात एवढी लांब, विटांची, बिनखिडक्यांची खोली. मिलमधल्या सगळ्या यंत्रांची धूळ पंखा ओढून घ्यायचा आणि म्हशीच्या पोटाएवढ्या जाड पाइपातून या खोलीत फेकायचा. आत जाळी नाही, पाणी नाही, काही नाही. मी लहानपणी विचारलं होतं, मग धूळ पकडतं कोण? त्या दिवशी बाबा खुशीत होते. म्हणाले, "हे पाह्य बेबे, वारा मातला की वावरातला गोटाबी उचलते. त्याले मोठ्या घरात सोडलं का तो सुस्तावते. मंग ज्याचं त्याचं वजन ज्याले त्याले खाली आणते." पुढे मी आयटीआयमध्ये कितीतरी वर्षं पोरांना शिकवलं, जाड जाड पुस्तकं वाचली, पण त्या खोलीचं याहून सोपं वर्णन मला कुठं सापडलं नाही. जड ते आधी पडायचं, पाइपाच्या तोंडाजवळ. म्हणून पहिल्या लोखंडी दाराशी डाळीची चुरी आणि खडे, दुसऱ्या दाराशी टरफलं, आणि शेवटी, तिसऱ्या दाराशी, पावडरीसारखी पिवळी मऊ धूळ. ती धूळ भिंतीला, उतरत्या तळाला थरावर थर चिकटून बसायची.

मिलचा एक रिवाज होता. खोली साफ करायला ज्या बाया आत उतरतील, पहिल्या दाराची चुरी त्यांची. म्हणून माय दर शुक्रवारी आत जायची. ती चुरी घरी आणून पाखडायची, खडे वेचायची, भिजवून पाट्यावर वाटायची आणि हिरवी मिरची, लसूण आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून वाफेवर फुणके करायची. सोबत आंबट कढी. डाळमिलच्या शेठच्या घरी असे फुणके होत नसतील, असं ती म्हणायची. मला आजही कढी-फुणके म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं आणि लगेच घशात धूळ बसल्यासारखं वाटतं. दोन्ही एकदमच येतात, त्याला माझा इलाज नाही.

दुसरा रिवाज बाबांचा. पंखा फिरवणारा जाड काळा रबरी पट्टा मोटरवरून उतरवल्याशिवाय कोणी धूळखोलीत पाय ठेवायचा नाही. पट्टा उतरवला की तो पंख्याशेजारच्या भिंतीवर एका मोठ्या खिळ्याला टांगायचा. आणि जो आत जाईल, त्याने तो खिळ्यावरून काढून स्वतःच्या खांद्यावर आडवा घालून आत न्यायचा. बाहेर आला की परत खिळ्याला. म्हणजे पंख्यावर पट्टा नाही आणि खिळाही रिकामा, तर आत माणूस आहे, एवढं आंधळ्यालाही कळावं. आधीच्या एका मिलमध्ये बाबांनी अशाच खोलीतून मेलेला माणूस ओढून काढला होता म्हणे. त्यावरून त्यांनी हा कायदा काढला, आणि तो पाळून घेण्याची त्यांची पद्धत त्यांचीच होती. एकदा रफिक हमाल पट्टा न घेताच आत शिरला. बाबांनी त्याला गचांडी धरून बाहेर काढला आणि त्याच पट्ट्याने सगळ्यांसमोर झोडपला. "तुह्या बायकोले काय सांगू बे मी? भुशात भेटला म्हनून?" प्रत्येक फटक्याला ते हेच विचारत होते. रफिकच्या पाठीवर काळेनिळे वळ उठले. संध्याकाळी मात्र तोच सगळ्यांना सांगत होता, मिस्त्रीनं मारलं ते माझ्या भल्यासाठीच. आमच्या घरीही पुष्कळ गोष्टी आमच्या भल्यासाठीच व्हायच्या.

मी दहावी झाले त्या उन्हाळ्यात मायने माझा बुलडाण्याच्या आयटीआयचा फॉर्म भरला. शाळेतल्या बाईंनी आणून दिला होता. पालकाच्या सहीच्या जागी मायने सही केली. तिला नावच तेवढं लिहिता यायचं, ते तिने जीभ बाहेर काढून, रेघेवर नीट बसवून लिहिलं. शुक्रवारी सकाळी फॉर्मची पोच बाबांना तांदळाच्या डब्यामागे सापडली.

"हे कोनाले इचारून केलं वं?"

माय चुलीपुढे भाकरी थापत होती. एरवी ती गप्प बसायची. त्या दिवशी तिने मान वर केली. "कोनालेच नाही. सही मी केली. पोरगी जाईन."

"फिटर बनवतं का तिले? पोट्ट्यायच्या मंधात?"

"तुमाले इचारून आजलोक या घरात कोनतं चांगलं झालं, ते सांगा."

मी अशी मारहाण आधी पाहिली नव्हती, असं म्हणणार नाही. पण आधी मारताना बाबा ओरडायचे. त्या दिवशी ते ओरडले नाहीत. त्यांनी तापलेला तवा उचलून भिंतीवर फेकला, मायचा केसांचा बुचडा धरला आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, एकदा, दोनदा. मी मध्ये गेले तर कोपराने माझा ओठ फुटला. मग त्यांनी पोचपावतीचे तुकडे केले, चुलीत टाकले आणि निघून गेले. मायच्या कानामागून रक्त येत होतं. तिने त्यात हळद भरली, पदर बांधला आणि तव्याची वाकलेली कड बत्त्याने ठोकून सरळ केली. म्हणाली, "जळू दे. फॉर्म तिकडं पोचला. त्यो काही चुलीत नाही."

शुक्रवारी दुपारी रफिक आणि बाकीचे हमाल नमाजला जायचे, तेव्हा मिल दोन तास थांबायची आणि धूळखोली साफ व्हायची. बाबांचा पत्ता नव्हता. देशीच्या दुकानात असतील, हे सगळ्यांना माहीत होतं. पट्टा रफिकनेच उतरवला, खिळ्याला टांगला आणि तो गेला. मायने तो काढून खांद्यावर घातला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पट्टा तिच्या दुखऱ्या मानेला लागला म्हणून ती "स्स" करून थांबली आणि मीच तो जरा खाली सरकवून दिला. ती आत शिरली, थेट शेवटपर्यंत, तिसऱ्या दाराकडच्या मऊ धुळीपर्यंत. ते दार गंजून घट्ट बसलेलं होतं, म्हणून जाणंयेणं पहिल्याच दाराने. मी बाहेर पहिल्या दाराशी फावड्याने पोत्यात चुरी भरत बसले. आतून तिच्या खरवडण्याचा आवाज येत होता, आणि मध्येच ती मला विचारत होती, बुलडाण्याला खोली घेतली तर चूल पेटवू देतील का.

आणि पंखा सुरू झाला.

मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती पुढच्या एका क्षणाची. तो घुमणारा आवाज कानावर आला आणि मला बरं वाटलं. इतक्या वर्षांची सवय. पंखा चालू आहे, म्हणजे बाबा कामावर, म्हणजे आपण मोकळ्या. एवढं मनात येईपर्यंत दारातून टरफलांचा लोट माझ्या तोंडावर आदळला, डोळे भरले, आणि आत काहीतरी मोठं, मऊ, धप्प करून कोसळलं. माय एकदा खोकली. दुसऱ्यांदा खोकली नाही.

फावडं हातात तसंच घेऊन मी भिंतीला वळसा घालून पंख्याकडे पळाले. बाबा तिथे उभे होते. एक हात स्टार्टरवर. पंख्यावर नवाकोरा पट्टा फिरत होता, त्यांच्या पेटीत ठेवलेला. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत होते, आणि खिळ्यावर काही नव्हतं. मी ओरडले, "माय आत आहे!" त्यांनी हात काढला नाही. मी फावडं दोन्ही हातांनी धरून त्यांच्या डोक्यात घातलं. तो आवाज मला गोड लागला, आज या वयात खोटं कशाला बोलू. ते गुडघ्यांवर बसले, मग आडवे झाले, कानापासून छातीपर्यंत रक्ताने माखले. मी लाल बटण दाबलं. पंखा काही दाबल्याबरोबर थांबत नाही. तो आपल्या हिशोबाने मंद होतो, आणि तो मंद होईपर्यंत मी खाली पडलेल्या माझ्या बापाला लाथा मारत होते.

आत काही दिसत नव्हतं. तोंडाला ओढणी बांधून मी भिंतीच्या कडेने चाचपडत गेले. भिंतीवरचा सगळा थर सुटून खाली आला होता आणि त्याखाली माय होती. हात घातला की धूळ पाण्यासारखी परत भरून यायची. उकरते आहे, उकरते आहे, आणि एकदम बोटांना रबर लागलं. पट्टा. मी तो दोन्ही हातांनी धरला, पाय भिंतीला लावले आणि ओढला. माय पट्ट्यासकट वर आली. त्याच पट्ट्याने तिला फरफटत पहिल्या दारापर्यंत आणली. तिच्या तोंडात लगदा झाला होता, तो बोटांनी काढला. श्वास नव्हता. मग मी तिला पालथी केली आणि तिच्या पाठीत बुक्क्या घातल्या, जीव खाऊन, शिव्या देत. आयुष्यात मी मायवर हात उचलला तो तेवढाच. कितव्यातरी बुक्कीला ती ओकली आणि रडल्यासारखा श्वास आत गेला.

सरकारी दवाखान्यात एका खोलीत माय आणि शेजारच्या खोलीत डोक्याला टाके घातलेले बाबा. शेठ आले, सोबत एक पोलीस. बाबांनी आधीच सांगून टाकलं होतं, मले वाटलं जुना पट्टा तुटला, रफिकनं भंगारात फेकला असंन, म्हनून नवा चढवला. खिळ्याकडे लक्षच गेलं नाही. बाहेर सगळ्यांना ते पटलंही होतं. मला पटणार नव्हतं. नवा पट्टा चढवायचा तर मोटरचे चार बोल्ट सैल करावे लागतात, मोटर सरकवावी लागते, पट्टा बसवून ती परत ताणावी लागते. निदान पंधरा मिनिटांचं काम. रागाच्या झटक्यात माणूस तवा फेकतो, केस धरतो. पंधरा मिनिटं पाना फिरवत बसत नाही. आणि तो खिळा डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर.

शेठने मायला विचारलं, "बाई, खरं सांगा. आत जाताना पट्टा घेतला होता का?"

मी बोलायला तोंड उघडलं. मायने चादरीखालून माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की नखं रुतली.

"नाही शेठ," ती म्हणाली. प्रत्येक शब्दाला तिच्या छातीत शिट्टी वाजत होती. "ईसरली मी. सकाळपासून डोकं दुखून राह्यलं होतं. त्यायची काही चूक नाही."

"आणि मिस्त्रीच्या डोक्याला?"

"पोरगी घाबरली. पळता पळता फावडं लागलं."

पोलिसाने लिहून घेतलं. ते गेल्यावर मी तिच्यावर इतकी भडकले की नर्स धावत आली. खोटं काऊन बोलली? कोनासाठी? बाबांना बोलावून आण, ती म्हणाली. ते भिंत धरत धरत आले, डोक्याला पांढरी पट्टी. मायने उशाखाली हात घातला आणि तो काळा पट्टा काढून चादरीवर ठेवला. त्या धांदलीत माझ्याच खांद्यावर तो दवाखान्यापर्यंत आला होता.

"हा माह्या अंगावर होता," ती म्हणाली. "पोरीनं मले याच्यानंच ओढली. आतालोक हे आपल्या तिघायलेच ठाऊक आहे. पोरगी बुलडाण्याले जाईन. आन् माह्या अंगाले, तिच्या अंगाले, पुन्हा हात लागला, तर हा पट्टा घेऊन मी ठाण्यात जाईन."

बाबा पट्ट्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, एवढ्यावर सोडतेस? मला त्यांना बेड्या पाहिजे होत्या. बाबा गेल्यावर मी ते बोलून दाखवलं, तेव्हा माय म्हणाली, बेड्या घालून मले काय भेटलं असतं? तुह्या फीचे पैसे तरी भेटले असते काय? ती तेव्हा बरोबर होती की चूक, यावर मी चाळीस वर्षं भांडते आहे, तिच्याशी आणि ती गेल्यावर माझ्याशी.

तिने घरात चुलीशेजारच्या भिंतीत एक खिळा ठोकला आणि पट्टा त्यावर टांगला. सुरुवातीला बाबांचा आवाज कधीमधी चढायचा. तेव्हा माय उठून पट्टा काढायची, खांद्यावर आडवा घालायची आणि परत भाकरी थापत बसायची. बाबांची नजर रिकाम्या खिळ्याकडे जायची. मग ते चपला घालून बाहेर जायचे. सुट्टीत घरी आले की मी हे बघायचे आणि मला फार आनंद व्हायचा. पिठाच्या डब्यात आता पीठच असायचं. मी आयटीआयला फिटर ट्रेडमध्ये एकटी मुलगी, पोरं चिडवायची, मी दोघांना कानफटातही वाजवलं. हात माझा बापाचाच आहे. पुढे माझ्या मुलावरही तो उठला, एकदा नाही, पुष्कळदा. ते लिहिल्याशिवाय हे प्रकरण पुरं होणार नाही.

मायच्या छातीतली शिट्टी शेवटपर्यंत गेली नाही. ती त्यातच गेली. मग बाबांना मी बुलडाण्याला माझ्याकडे आणलं, सोबत पट्टाही आणला आणि दाराजवळ टांगला. बाबांची एक बाजू लुळी पडली होती, जेवण भरवावं लागायचं. कपाळावर फावड्याची पांढरी खूण तशीच होती. बुलडाण्याच्या डॉक्टरला त्यांनी सांगितलं होतं, मिलमध्ये पंख्याचं पातं लागलं.

एका सकाळी मी त्यांना कढीत कुस्करलेले फुणके भरवत होते. पोरांना दाखवायला पट्टा आदल्या दिवशी वर्कशॉपमध्ये नेला होता, तो तिथेच राहिला. बाबा घास तोंडात धरून भिंतीकडे बघत राहिले.

"खिळा रिकामा आहे," ते म्हणाले. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. मी म्हटलं, हाव, पट्टा आयटीआयत आहे. त्यांनी मान हलवली. ते वेगळंच सांगत होते.

"त्या रोजीबी रिकामा होता. मी पाह्यला होता. बोल्ट खोलायच्या आंधीच पाह्यला होता."

"माहीत आहे बाबा," मी म्हटलं. "मायलेबी माहीत होतं."

माझा हात वर गेलेला होता, चमच्यासकट. कधी गेला ते कळलं नाही. बाबांनी डोळे मिटले आणि मान खांद्यात ओढून घेतली, अगदी माय ओढायची तशी, डावीकडे, कान वाचवत. म्हणजे इतकी वर्षं ते तिच्याकडे नीट बघत होते. कढी त्यांच्या हनुवटीवरून गळ्यावर उतरत होती. मग मी त्या हाताने ती पुसली.

"उघडा तोंड," मी म्हटलं. "थंडं होऊन राह्यलं."